जुन्या डिझेल जीपची ताकद घाटात मधूनच जाते आणि थांबल्यावर परत येते: कारण नेमके कसे शोधावे?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार. माझ्याकडे २००४ सालची सात आसनी डिझेल जीप आहे. इंजिन अडीच लिटरचे, चार सिलिंडरचे, टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा) असलेले. इंजेक्शन पंप रोटरी पद्धतीचा आणि पूर्णपणे यांत्रिक आहे, त्यामुळे स्कॅनर लावून दोष वाचण्याची सोय नाही. चिपळूणहून कराडला कुंभार्ली घाटाने माझे नेहमी जाणे-येणे असते. पोफळी मागे टाकून चढ लागला की काही वेळ गाडी उत्तम ओढते आणि मग हळूहळू दम सोडते. अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी इंजिनाचे फेरे वाढत नाहीत आणि दुसऱ्या गिअरमध्येही ती रांगू लागते. बाजूला घेऊन इंजिन बंद केले आणि दहा-पंधरा मिनिटे थांबलो की पुन्हा काहीच झाले नसल्यासारखी ओढते. सपाटीवर हा त्रास क्वचितच होतो. मागून काळा धूर येत नाही, तापमानाचा काटा जागेवर असतो.

डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर नवे घातले आहेत, नोझल तपासून घेतले आहेत. आता गॅरेजमध्ये पंप उतरवून कॅलिब्रेशन (पंप सोडतो त्या डिझेलचे माप पुन्हा जुळवणे) करायला सांगत आहेत. तो खर्च मोठा आहे, म्हणून त्याआधी खात्री करून घ्यायची आहे. पंप उतरवण्यापूर्वी कोणत्या तपासण्या कराव्यात, आणि कोणत्या क्रमाने?

सह्यवाट

घाटात हवा विरळ होते, त्याचा हा परिणाम असू शकेल का? महाबळेश्वरला जाताना आमची जुनी गाडीही अशीच मंदावत असे.

बारातेराचा_पाना

सह्यवाट, उंचीमुळे ताकद कमी होते हे खरे आहे. टर्बो नसलेले इंजिन दर हजार मीटरला ढोबळमानाने दहा टक्के ताकद गमावते. पण कुंभार्लीचा माथा हजार मीटरही उंच नाही, धागाकर्त्यांच्या इंजिनाला टर्बो आहे, आणि मुख्य म्हणजे दहा मिनिटे थांबल्याने डोंगराची उंची कमी होत नाही. उंचीचा परिणाम चढताना सतत राहील. येणारा-जाणारा दोष त्याने समजावता येत नाही.

वाशिष्ठीकाठ, तुम्ही दिलेल्या वर्णनातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे इंजिन बंद केल्यावर दोष आपोआप नाहीसा होतो ही. झिजलेला पंप, खराब नोझल किंवा कमी झालेले कॉम्प्रेशन थांबल्याने बरे होत नाही. तेव्हा इंजिन चालू असताना निर्माण होणारी आणि बंद केल्यावर ओसरणारी स्थिती कोणती, एवढाच प्रश्न आधी सोडवावा. माझा पहिला संशय टाकीपासून पंपापर्यंतच्या डिझेलच्या वाटेवर आहे. या वाटेवर डिझेल ढकलले जात नाही, ओढले जाते. वाटेत कुठे अडथळा असेल तर चढावर मागणी वाढताच ओढ वाढते, ओढ वाढली की कचरा तोंडाशी घट्ट बसतो आणि डिझेल आणखी कमी येते. इंजिन बंद केले की ओढ संपते, कचरा सुटून खाली बसतो आणि वाट पुन्हा मोकळी होते.

आजच करता येईल अशी एक तपासणी सांगतो. पुढच्या वेळी ताकद गेली की इंजिन चालूच ठेवून टाकीचे झाकण उघडा. फुस्स असा आवाज होऊन हवा आत ओढली गेली आणि ताकद लगेच परतली, तर झाकणातले हवेचे छिद्र बुजले आहे असे समजा.

गोदाकाठ

क्लच घसरत नाही ना, हेही पाहा. चढावर जोर पडला की घसरते, थंड झाली की पुन्हा पकडते, असे क्लच प्लेटच्या बाबतीत हमखास होते.

बारातेराचा_पाना

गोदाकाठ, शंका योग्य आहे, पण क्लच घसरताना इंजिनाचे फेरे वाढतात आणि गाडीचा वेग वाढत नाही. इथे फेरेच वाढत नाहीत. त्याच न्यायाने ब्रेक अडकून राहत असतील, तर गाडी थांबवल्यावर एखादे चाक हाताला चटका देण्याइतके तापलेले आढळेल. ती तपासणी फुकट आहे आणि करून घ्यावी. मात्र चारही ड्रमवर थेट हात ठेवू नये, तळवा जवळ नेला तरी कळते.

पंपकारागीर

मी गेली अनेक वर्षे डिझेल पंप आणि नोझलचेच काम करतो, म्हणून एक दुरुस्ती सुचवतो. काळा धूर येत नाही म्हणजे हवेची बाजू निर्दोष आहे, असे कोणी गृहीत धरू नये. साध्या पंपावर हवा कमी पडली की डिझेल जास्त होते आणि धूर काळा येतो. परंतु टर्बो असलेल्या बऱ्याच रोटरी पंपांच्या डोक्यावर एक डायफ्राम असतो आणि टर्बोच्या दाबाची बारीक नळी तिथे जोडलेली असते. दाब वाढला की डायफ्राम खाली दबतो आणि पंप जास्त डिझेल सोडतो. ती नळी तडकली, सैल झाली किंवा टर्बोपासून इंजिनापर्यंतचा मोठा पाइप फाटला, तर पंपाला दाब पोहोचत नाही आणि तो डिझेल स्वतःहून कमी ठेवतो. अशा गाडीची ताकद काळा धूर न सोडताच जाते. गिऱ्हाईक सांगते, धूर नाही म्हणजे डिझेल कमी पडते आहे, पंप खोला. आणि दोष निघतो शेजारच्या एका रबरी नळीत.

टर्बोच्या दाबाचा गेज लावून पाहावा असे कोणी सुचवण्याआधी सांगतो, की एकट्या गेजवरून निकाल लागत नाही. डिझेल कमी पडले की एक्झॉस्टमधला जोर कमी होतो, टर्बो मंदावतो आणि दाब तसाही उतरतो. दाब उतरल्याने ताकद गेली की ताकद गेल्याने दाब उतरला, हे त्या काट्यावरून ओळखता येत नाही.

वाशिष्ठीकाठ

सर्वांचे आभार. टाकीचे झाकण उघडून पाहिले, आवाज झाला नाही आणि फरकही पडला नाही. चाके तापलेली नव्हती. पंपकारागीर यांनी सांगितलेली बारीक नळी शोधली. ती टोकाशी कडक झालेली होती, म्हणून बदलली. दोष कायम आहे.

पंपकारागीर, हवेची बाजू आणि डिझेलची बाजू यांत निर्णायक भेद कसा करावा?

पंपकारागीर

थांबल्यावर बरे होण्याचा कालावधी पाहा. एअर फिल्टर आणि टर्बो यांच्यामधला रबरी पाइप उष्णतेने मऊ होऊन आत पिचकत असेल, तर अॅक्सिलरेटर सोडताक्षणी तो पूर्ववत होतो, दहा मिनिटे लागत नाहीत. टर्बोच्या पुढचा पाइप फाटला असेल तर तो थांबल्याने जुळून येत नाही. तुमच्याकडे दहा-पंधरा मिनिटे लागतात, म्हणजे काहीतरी सावकाश खाली बसते आहे किंवा थंड होते आहे. त्यामुळे बारातेराचा पाना यांच्या मताकडे माझाही कल झुकतो.

खात्रीसाठी दोन तपासण्या करा. फिल्टरपासून पंपात जाणाऱ्या रबरी पाइपच्या जागी तात्पुरता डिझेलला टिकणारा पारदर्शक पाइप बसवा. इंजिन चालू असताना त्यात हवेचे बुडबुडे धावताना दिसले, तर ओढीच्या बाजूला कुठेतरी हवा शिरते आहे. इथे पुष्कळांची फसगत होते, कारण अशा जागी डिझेल गळत नाही. आत ओढ असल्यामुळे बाहेर थेंबही दिसत नाही आणि हवा मात्र आत जाते. बॅन्जो बोल्टच्या (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या) तांब्याच्या वायसर, फिल्टरवरच्या हातपंपाचे रबर आणि क्लिपांखालचे पाइप या तिन्ही जागा संशयास्पद धराव्यात. बुडबुडे नसतील आणि तरीही ताकद जात असेल, तर अडथळा आहे. त्यासाठी त्याच जागी टी-जोड लावून ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज लावा आणि त्याची नळी चालकाजवळ आणा. मोकळ्या वाटेवर काटा जेमतेम हलतो. चोंदलेल्या वाटेवर चढ चढताना काटा हळूहळू वर सरकत जातो आणि ताकद जाते तेव्हा तो सर्वांत वर असतो. ज्या क्षणी दोष घडतो त्या क्षणी मोजलेला आकडाच कामाचा असतो. गॅरेजच्या दारात उभ्या गाडीवर मोजून उपयोग नाही.

नागपुरी_ऊन

विषय डिझेलचा आहे, पण माझ्या जुन्या पेट्रोल गाडीची लक्षणे अगदी अशीच होती, म्हणून लिहितो. कार्ब्युरेटरची गाडी, मे महिन्यात दुपारी पंचेचाळीस अंशांच्या उन्हात सिग्नलवर थांबली की पुढे ओढत नसे आणि सावलीत अर्धा तास उभी केली की सुरळीत होई. पाइपमध्ये पेट्रोलची वाफ धरत होती. पाइप एक्झॉस्टपासून दूर नेऊन त्यावर उष्णतारोधक आवरण घातल्यावर त्रास संपला. नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये पंप टाकीतच असतो आणि साधारण तीन बारच्या दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो, त्यामुळे तिथे हा त्रास कमी आढळतो.

मृगाचा_पाऊस

माझी २००८ सालची इंजेक्शनची पेट्रोल कार आहे. ती इंजिन तापल्यावर झटके देते आणि ताकद एकदम जाते. मधूनमधून बंदही पडते. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे हे होते का?

बारातेराचा_पाना

मृगाचा पाऊस, इथेनॉल पाणी शोषते, जुन्या टाकीतला साचलेला थर सुटा करते आणि त्या काळच्या काही रबरी भागांना ते मानवत नाही. त्यामुळे पेट्रोल फिल्टर आणि पाइप तपासणे योग्य ठरेल. पण तापल्यावरच झटके बसणे आणि इंजिन बंदच पडणे हे लक्षण इंधनापेक्षा विजेच्या बाजूकडे जास्त बोट दाखवते. इग्निशन कॉइल आणि क्रँक सेन्सर हे दोन्ही भाग आतल्या तारांचे असतात. गरम झाल्यावर आतली तार सुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते. गाडी बंद पडताच, थंड होण्याआधी, प्लगला ठिणगी येते की नाही हे पाहा. सुटी वायर हातात धरून पाहू नका, ठिणगी तपासण्याचे स्वस्त साधन मिळते तेच वापरा. ठिणगी नसेल तर पेट्रोलच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

ठिणगीही आहे, पेट्रोलचा दाबही आहे आणि तरीही फेरे वाढत नसतील, तर सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून ढासळून वाट अडवत असण्याची शक्यता राहते. इनटेक मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावून फेरे वाढवून स्थिर धरले आणि काटा हळूहळू उतरत गेला, तर एक्झॉस्ट बाहेर पडायला जागा नाही असा त्याचा अर्थ होतो.

सह्यवाट

मूळ प्रश्नाकडे येतो. वाशिष्ठीकाठ, तुम्ही चिपळूणचे आहात आणि गाडी जुनी आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात ही गाडी पाण्याखाली होती का? माझ्या नात्यातल्या एका घरची गाडी त्या पुरात छपरापर्यंत बुडाली होती. इंजिन, गिअरबॉक्स, सीट, सगळे उघडून धुतले गेले, पण टाकी कोणीही खाली उतरवली नव्हती.

वाशिष्ठीकाठ

सह्यवाट, हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. गाडी मी २०२२ साली विकत घेतली. आधीच्या मालकांना आज फोन केला. गाडी त्या दिवशी बाजारपेठेतच उभी होती आणि दोन दिवस पाण्यात होती, असे त्यांनी सांगितले. इंजिनाचे काम पूर्ण केले होते. टाकीचा खालचा बोल्ट काढून पाणी सोडले होते, टाकी मात्र उतरवली नव्हती.

बारातेराचा_पाना

मग पंपाला हात लावण्याआधी कॅनची तपासणी कराच. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, त्यात गाळलेले डिझेल भरा आणि बॉनेटखाली अशा जागी घट्ट बांधा की तो टर्बोपासून, एक्झॉस्टपासून आणि फिरत्या पट्ट्यांपासून दूर राहील. फिल्टरकडे येणारा टाकीचा पाइप काढून कॅनमधला पाइप जोडा, हातपंप मारून हवा काढा. रिटर्नचा पाइपही कॅनमध्येच सोडा. रोटरी पंप स्वतः थंड राहण्यासाठी बरेच डिझेल परत पाठवतो. ते टाकीत जात राहिले तर कॅन पाहता पाहता रिकामा होईल आणि पंप हवा ओढील. कॅनच्या झाकणाला हवेसाठी छिद्र ठेवा. सोबत दुसरा माणूस आणि आग विझवण्याचे नळकांडे असू द्या. हा प्रयोग पेट्रोलच्या गाडीवर कोणीही, कोणत्याही परिस्थितीत करू नये.

त्याच घाटात, तेवढेच वजन घालून, त्याच गिअरमध्ये चढा. ताकद टिकली तर टाकी आणि तिथपासून फिल्टरपर्यंतचा पाइप दोषी. ताकद गेली तर फिल्टरच्या पुढे शोधायचे.

वाशिष्ठीकाठ

कॅनची तपासणी केली. पारदर्शक पाइपमध्ये सुरू करताना आलेले थोडे बुडबुडे सोडले तर नंतर एकही दिसला नाही. घाट वरपर्यंत एका दमात चढला. पोफळीच्या पुढच्या ज्या वळणांवर गाडी हमखास बसायची, तिथे तिसऱ्या गिअरमध्ये ओढली. माथ्यावर पाइप पुन्हा टाकीला जोडला आणि खाली जाऊन परत चढलो, तेव्हा जुना त्रास ठरल्यासारखा आला.

मग टाकी उतरवली. ओढीच्या नळीच्या तोंडाला पितळेची बारीक जाळी आहे. तिच्यावर वरून काळा, बुळबुळीत थर होता आणि तो बोटाने सरकवला की खाली लालसर, अतिशय बारीक गाळ दिसत होता. जाळीची निम्मीअधिक छिद्रे बुजलेली होती. टाकीच्या तळाच्या कोपऱ्यात, जिथे सोडबोल्टपर्यंत उतार नाही, तिथे असाच गाळ आणि गंजाचे पापुद्रे होते. पाइपही कापून पाहिला. बाहेरून धडधाकट दिसत होता, पण चासीच्या वळणापाशी आतला रबराचा पदर सुटून जिभेसारखा वाटेत आला होता.

पंपकारागीर

काळा बुळबुळीत थर म्हणजे डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे वाढणारे जिवाणू आणि बुरशी. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते आणि पुराचे पाणी टाकीत राहिले की ही वाढ हमखास होते. दोष दोन निघाले हे चांगले झाले. तुम्ही फक्त जाळी धुतली असती तर पाइपचा तो पदर काही दिवसांनी तुम्हाला पुन्हा घाटात उभे करता. पाइप सर्व लांबीचा बदला, तुकडे जोडू नका, आणि डिझेलसाठीचाच घ्या.

गोदाकाठ

आमच्याकडचे मेस्त्री अशी जाळी सरळ काढून टाकतात. फिल्टर पुढे आहेच, मग जाळी कशाला, असे त्यांचे म्हणणे असते. तसे केले तर?

बारातेराचा_पाना

माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. जाळी काढली की जाड पापुद्रे थेट पाइपमध्ये शिरतात आणि वळणावर किंवा फिल्टरच्या तोंडाशी अडकतात. दोष तोच राहतो, फक्त त्याची जागा अशी होते की शोधायला दुप्पट वेळ लागतो. शिवाय फिल्टर लवकर भरतो. टाकी स्वच्छ असेल तर जाळी कधीच आड येत नाही.

टाकी साफ करताना आधी डिझेलनेच खळबळून घ्या, मग गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन उन्हात पूर्ण वाळवा. आत ओलावा राहिला तर गंज नव्याने धरतो. गंजाने छिद्र पडले असेल तर रिकामी दिसणारी टाकी कोणालाही वेल्डिंगला देऊ नका. आत उरलेली वाफ पेट घेते आणि टाकी फुटते. हे काम ज्यांना टाकी वाफेने धुऊन मगच जोडण्याची पद्धत माहीत आहे, त्यांच्याकडेच द्यावे, नाहीतर टाकी बदलावी.

अक्षांश_अठरा

माझी २०१४ ची कॉमन रेलची (सर्व नोझलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल देणारी) डिझेल गाडी आहे आणि चढावर तिचीही ताकद अचानक मर्यादित होते. किल्ली बंद-चालू केली की पूर्ववत होते. तिला ही कॅनची पद्धत चालेल का?

पंपकारागीर

अक्षांश अठरा, तुमच्या गाडीत संगणक आहे आणि दोष दिसला की इंजिनाच्या संरक्षणासाठी तोच ताकद मर्यादित करतो. किल्ली बंद करून लगेच बरे होणे हे त्याचेच लक्षण आहे. नोंदलेला दोष पुसण्याआधी वाचून घ्या, कारण पुष्कळ ठिकाणी आधी पुसतात आणि मग शोधतात. स्कॅनर लावून चढ चढा आणि संगणकाने मागितलेला रेलचा दाब आणि प्रत्यक्ष दाब शेजारी शेजारी पाहा. कॉमन रेलमध्ये हा दाब हजार बारच्या पुढे जातो, तेव्हा त्या बाजूचा कोणताही नट सैल करून डिझेल येते का पाहण्याचा जुना प्रकार अजिबात करू नका. ती धार कातडीतून आत शिरते. प्रत्यक्ष दाब मागणीपेक्षा मागे पडत असेल, तर पुन्हा फिल्टर, पाइप, टाकी हाच क्रम. दाब ठीक असून टर्बोचा दाब मागे पडत असेल, तर व्हॅक्यूमच्या नळ्या आणि टर्बोचा अॅक्चुएटर पाहा.

वाशिष्ठीकाठ

टाकी धुऊन, वाळवून बसवली. टाकीपासून फिल्टरपर्यंत पाइप नवा, तांब्याच्या वायसर नव्या, फिल्टरही नवा. तेव्हापासून घाटात एकदाही थांबावे लागलेले नाही. शेवटची शंका अशी, की इतका गाळ टाकीत होता, तर पंपाच्या आत काही गेले असेल का, आणि आता तरी पंप खोलून पाहावा का?

पंपकारागीर

गाडी थंड असताना एका फटक्यात सुरू होत असेल, रिकामी उभी असताना फेरे स्थिर असतील आणि चढावर पूर्ण ओढत असेल, तर पंप खोलू नका. चांगल्या अवस्थेतला पंप उगाच उघडणे त्याच्या हिताचे नसते. फिल्टर मात्र काही शे किलोमीटरनंतर पुन्हा बदला, कारण धुतलेल्या टाकीतूनही उरलासुरला गाळ येत राहतो. बदलताना फिल्टरच्या तळातले डिझेल काचेच्या बरणीत काढा आणि रात्रभर स्थिर ठेवा. तळाशी पाणी दिसले तर टाकीचा सोडबोल्ट उघडून पुन्हा निचरा करा आणि झाकणाचे रबर तपासा. पंपाच्या रिटर्नचे थोडे डिझेलही वेगळ्या बरणीत काढून उन्हात धरून पाहा. त्यात धातूची चमक दिसली, तर पंप काढून आणा. तशी चमक नसेल तर निर्धास्तपणे चालवा.